काळ्या मातीवरचे काँक्रीट

कुरुंद्यासारख्या गावात शाळेचे पटांगण किंवा देवळापुढचा चौक काँक्रीटचा झाला, की चिखल जातो आणि सगळ्यांना बरे वाटते. दोन-तीन पावसाळ्यांत भेगा पडल्या, की मात्र आपण सिमेंटला दोष देतो. खरा दोष बहुधा खाली असतो.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावर थेट ओतलेले काँक्रीट तडकणारच. म्हणून आधी काळी माती काढून मुरमाचे थर पाणी मारून दाबावे लागतात. चार इंच जाडीला साधारण दहा फुटांवर सांधे हवेत. मग भेग सांध्यातच, सरळ रेषेत राहते. आणि या रेषांतूनच चौकटींची साधी, सुबक नक्षीही तयार होते.

मग पाणी. भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या सिमेंटचे काँक्रीट किमान 7 दिवस, कोरड्या कडक हवेत 10 दिवस ओले ठेवावे लागते. कामे निघतात ऐन उन्हाळ्यात, टंचाईच्या दिवसांत. तेव्हा ओली पोती अंथरावीत, पण पाणी तोडू नये.

शेवटचा मुद्दा पुराचा. जुलै 2022 मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले होते. काँक्रीटमध्ये पाणी मुरत नाही, ते वाहत जाते. म्हणून ढाळ घरांकडे नव्हे, नालीकडे द्यावा. झाडांभोवती माती मोकळी ठेवावी, कडेला शोषखड्डा घ्यावा. चौक गावाचा आहे; काम चालू असतानाच गावाने तिथे उभे राहून पाहावे.