मागचा टायर कोणत्या मापाचा?



डोंबिवलीकराचं आयुष्य लोकलच्या वेळापत्रकावर चालतं, हे सांगायला नकोच. पण लोकल आपल्याला स्टेशनपर्यंतच आणते. तिथून घरापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर एक तर रिक्षाच्या रांगेत जातात, नाहीतर दुचाकीवर. आमच्या घरी ते काम १९९९ सालापासून एका स्प्लेंडरकडे होतं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात होतो आणि आमची ही फोर्टमधल्या एका कचेरीत. रात्री आठच्या सुमारास हिची लोकल यायची आणि मी रामनगरच्या बाजूला गाडी घेऊन उभा असायचो.

आज मी बोलणार आहे त्या गाडीच्या मागच्या टायरविषयी. तुम्ही म्हणाल, हा तर गॅरेजवाल्याचा विषय. मलाही तसंच वाटत होतं. कारखान्यात बेअरिंगचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तपासणारा मी, टायरच्या दुकानात गेलो आणि म्हणालो, ‘जरा जाड बघून टाका.’

ही गोष्ट २००६ सालची. जानेवारीत मागचा टायर पार गुळगुळीत झाला होता. पल्सर २००१ साली बाजारात आली आणि तेव्हापासून तरुण मुलांना मागच्या जाड टायरचं भारी वेड लागलं होतं. आमच्या शेजारच्या मुलाकडेही ती गाडी होती. तिचा मागचा टायर बघून मी मनाशी हिशोब केला, की जाड टायर म्हणजे जास्त रबर आणि जास्त रबर म्हणजे जास्त पकड. मागे बायको बसते, रस्त्यात खड्डे आहेत, तेव्हा चार पैसे जास्त गेले तरी चालतील. स्प्लेंडरला मूळचा टायर होता २.७५-१८. दुकानदार म्हणाला, ‘काका, १००/९०-१८ बसेल. चेनकव्हरला लागला तर थोडं ठोकून देतो.’ आणि बसला की हो! पण टायर रिमवर बसणं निराळं आणि तो त्या गाडीचा असणं निराळं, हे मला तेव्हा कळलं नाही.

गाडी मात्र पहिल्या दिवसापासून सांगत होती. डबल स्टँडवर लावली की मागचं चाक जमिनीला जवळजवळ टेकायचं. साइड स्टँडवर ती पूर्वीपेक्षा जास्त कलायची. कोपर पुलाचा चढ ही मागे बसलेली असताना पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये निघायचा, आता दुसरा टाकावा लागे. खड्ड्यात गाडी दबली की चेनकव्हरमधून खर्रकन आवाज यायचा. स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकावर असल्यामुळे त्या काट्याला या सगळ्याचा पत्ताच नव्हता. आणि मला? शेजारच्या मुलाने ‘काका, गाडी एकदम मस्त दिसते’ म्हटल्यावर बाकी काही ऐकूच येईना.

जून उजाडला. पहिल्या पावसातली एक रात्र. हिला घेऊन टिळक रस्त्यावरून वळत होतो. वेग फार तर वीसचा असेल. गाडी जरा कलली आणि मागचं चाक बाजूला निघून गेलं. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. हिने पडताना उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. प्लास्टरच्या हाताने संध्याकाळच्या लोकलमध्ये चढणं म्हणजे काय, हे तुम्ही जाणता. साठवलेली सगळी रजा त्यात संपली.

सगळे म्हणाले, पहिला पाऊस, रस्त्यावर तेल, असं होतंच. मीही तेच म्हणत राहिलो. मग एक दिवस कारखान्याच्या स्टँडवर आमचे एक जुने फिटर मागच्या चाकाजवळ उकिडवे बसले. टायरवरून हात फिरवत म्हणाले, ‘साहेब, हा टायर कोणत्या गाडीचा?’

त्यांनी मला मधली पट्टी दाखवली. जेमतेम दोन बोटं रुंदीचा पट्टा झिजला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या टायरवर असतात ते रबराचे केस पाच महिन्यांनंतरही तसेच उभे होते. मग त्यांनी रिमवरचा चिखल पुसला. तिथे ठोकलेलं होतं, १.६० × १८. म्हणजे रिमची रुंदी १.६० इंच. ते म्हणाले, ‘फुग्याचं तोंड आवळलं की तो मधून टोकदार होतो ना, तसं झालंय हे. १०० रुंदीच्या टायरला सव्वादोन-अडीच इंचांची रिम लागते. अरुंद रिमने त्याच्या कडा आत ओढल्या. आता सरळ जाताना टेकते ती फक्त मधली पट्टी, आणि वळणावर गाडी सावकाश कलायच्या ऐवजी एकदम पडल्यासारखी कलते.’

पाऊस, तेल, वळण, सगळ्यांचा त्या पडण्यात वाटा होता. पण त्यातला माझ्या हातात होता तो वाटा हा.

आता टायरवरचे आकडे कसे वाचायचे ते सांगतो. १००/९०-१७ असं लिहिलं असेल, तर पहिला आकडा रुंदीचा, १०० मिलिमीटर. दुसरा उंचीचा, पण तो मिलिमीटरमध्ये नसून टक्क्यांत असतो. रुंदीच्या ९० टक्के, म्हणजे इथे ९० मिलिमीटर. तिसरा रिमचा व्यास इंचांत. १७ इंच म्हणजे ४३२ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची उंची मिळवली की चाकाचा पूर्ण व्यास ६१२ मिलिमीटर होतो. जुन्या पद्धतीच्या २.७५-१८ मध्ये रुंदी इंचांत असते आणि उंची साधारण रुंदीइतकीच धरायची. त्या हिशोबाने माझा जुना टायर सुमारे ५९७ मिलिमीटरचा होता आणि नवा ६३७ चा. व्यास ४० मिलिमीटरने वाढला, म्हणजे गाडी मागून २० मिलिमीटर उचलली गेली. स्टँडचं कोडं इथे सुटलं. चाकाचा घेर सहा-सात टक्के वाढला, म्हणजे प्रत्येक गिअर तेवढा जड झाला. पुलाच्या चढाचं कोडंही सुटलं.

पण नुसता व्यास जुळला म्हणजे झालं असंही नाही. १००/९०-१७ च्या जागी १३०/७०-१७ टाकला तर व्यास ६१४ मिलिमीटर, जवळपास तेवढाच. रुंदी मात्र ३० मिलिमीटरने वाढलेली. त्याला रुंद रिम हवी आणि चेनच्या बाजूला मोकळी जागा हवी. म्हणून आधी रिम वाचायची, मग व्यास जुळवायचा, आणि मग भार बघायचा.

हा भार शेवटच्या आकड्यात असतो. मापापुढे ४८ पी असं काही लिहिलेलं दिसेल. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. आकडा किलोचा नाही, तो कोष्टकातला क्रमांक आहे. ४२ म्हणजे १५० किलो, ४८ म्हणजे १८०, ५४ म्हणजे २१२ किलो. आता ढोबळ हिशोब करा. गाडी सुमारे ११० किलोची, तिचा अर्धा भार मागे. चालवणाऱ्याचा निम्म्याहून अधिक भार मागेच. पाठीमागे बसलेल्या माणसाचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर. वर भाजीची पिशवी. म्हणजे दीडशे किलो कधीच ओलांडले. म्हणून माझ्यासारखा हौसेने जाड टायर टाकणारा जसा चुकतो, तसा काटकसर म्हणून मागच्या चाकाला पुढचा अरुंद टायर चढवणाराही चुकतो. कंपनीने दिलेल्या भारक्रमांकाच्या खाली कधी जाऊ नये.

मग मोठा टायर टाकायचाच नाही का? रोज ओझं नेणारे लोक २.७५ च्या जागी ३.०० टाकतात. तो एकाच पायरीचा फरक आहे. पुढे स्प्लेंडरच्या जातीच्या गाड्यांना कारखान्यातूनच ८०/१००-१८ येऊ लागला. रिमच्या रुंदीत बसत असेल तर एक पायरी चालते. मात्र मागे माणूस बसवून चाक कुठे घासत नाही ना, ते बघा. चेन ताणताना चाक मागेपुढे सरकतं, तेव्हा दोन्ही टोकांना जागा बघा. ट्यूबही त्याच मापाची घ्या. आणि चेनकव्हर ठोकायची वेळ आली, तर तो टायर तुमच्या गाडीचा नाही, एवढं ओळखा.

मी त्याच आठवड्यात २.७५-१८ परत टाकला. कोपर पूल पुन्हा तिसऱ्या गिअरमध्ये चढू लागला. हिला खरी हकिगत सांगायला मात्र मला दिवाळी उजाडली. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘अहो, कोथिंबिरीची जुडी घेताना दहा प्रश्न विचारता. टायर घेताना एकही विचारला नाहीत?’ माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तिचं मनगट पावसाळ्यात अजून ठणकतं. ती बोलत नाही, पण मला कळतं.

आता ती स्प्लेंडर नाही. मुलाची गाडी आहे. गेल्या पावसाळ्याआधी त्याचा दुकानातून फोन आला, ‘बाबा, दुकानदार म्हणतोय एक माप मोठा टाका, छान दिसेल. टाकू का?’ मी काही बोलायच्या आत हिने फोन घेतला आणि म्हणाली, ‘आधी रिमवर काय लिहिलंय ते वाच.’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)