दुसऱ्याचा कुत्रा, आपली जोखीम

श्रोतेहो, खेड्यातला एखादा मुलगा पुण्या-मुंबईत लोकांचे कुत्रे फिरवून पोट भरतो म्हटले, तर हसू नका. कुत्रा एकाचा, दोरी दुसऱ्याच्या हाती आणि चावा तिसऱ्याला, असा हा धंदा आहे. म्हणून विमा घेताना तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

पहिला, मीच पडलो तर? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत २०२२ पासून वर्षाला २० रुपये भरावे लागतात. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. पण हात मोडला तर दवाखान्याचे बिल त्यातून मिळत नाही.

दुसरा, कुत्रा वाटसरूला चावला तर? त्याला त्रयस्थाच्या नुकसानभरपाईचा विमा हवा.

तिसरा, कुत्राच मोटारीखाली आला तर? इथेच माणूस फसतो. आपल्या ताब्यातली परक्याची मालमत्ता त्या विम्यातून बहुधा वगळलेली असते, आणि कायद्याच्या लेखी कुत्रा ही मालमत्ताच! तेव्हा ताब्यातला कुत्रा धरला आहे का, हे लेखी मागून घ्या. पॉलिसी इंग्रजीत असेल, तर गुरुजींकडून वाचून घ्या.

मात्र निष्काळजीपणाची शिक्षा विमा भोगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहे. पावती खिशात असली, तरी दोरी घट्टच धरावी.