घोंगडी माळ्यावर टाकताय? जरा थांबा!

अहिल्यादेवींच्या नावाचा आपला जिल्हा, चौंडीचं त्यांचं माहेर धनगरांचं. त्यामुळे घरात एखादी काळी घोंगडी असतेच. ती विणणारे हात आता कमी झालेत. फाटली तर दुसरी आणू, हे सोपं राहिलेलं नाही.

घोंगडीचा खरा शत्रू म्हणजे कसर. उडणारं पाखरू लोकर खात नाही बरं का, त्याची अळी खाते. तिला घामाची, डाग पडलेली लोकर जास्त आवडते. म्हणून मळकी घोंगडी कधीच घडी घालून ठेवू नका.

वॉशिंग मशीन तर नकोच! गरम पाणी आणि घुसळण, लोकर आटलीच समजा. गार पाण्यात रिठा किंवा थोडा शाम्पू घालून हाताने दाबत धुवा, पिळू नका. नवी घोंगडी कडक असते ती चिंचोक्याच्या खळीमुळे. धुतल्यावर खळ सुटते, मऊ पडते.

पूर्ण वाळली की जुन्या सुती लुगड्यात गुंडाळा. प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. कडुलिंबाचा पाला ठेवा हवं तर, पण आधीच लागलेली कसर त्याने जात नाही. त्यासाठी महिन्यातून एकदा कडक ऊन द्या, घड्या मोडून ब्रश फिरवा आणि काठीने झटका. गच्चीवर, घरात नाही!