ॲस्बेस्टॉसचा तंतू आणि पेशींचे निरोप
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आरोग्यविषयक काही सांगावे अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी मधुमेहावर किंवा रक्तदाबावर बोलेन अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. ते विषय सोडून मेसोथेलिओमा या अपरिचित नावाच्या कर्करोगाकडे वळण्याचे कारण असे की, हा रोग विरळ असला तरी त्याचे मूळ आपल्यासारख्या घराण्यांच्या पूर्ववृत्तातच असू शकते. गारगोटी, आजरा, चंदगड या भागांतून, आणि खुद्द करवीरातूनही, मागील पिढ्यांतील किती माणसे मुंबईस गिरणीत, गोदीत, कारखान्यात कामास गेली हे मी आपणांस सांगावयास नको. त्यांच्या मनिऑर्डरींवर येथे शिक्षणे झाली, लग्ने झाली. त्यांतील काहींनी आणखी एक वस्तू नकळत छातीत साठविली असेल, आणि तिचा हिशेब वीस ते पन्नास वर्षांनी पुढे येतो.

ती वस्तू म्हणजे ॲस्बेस्टॉसचा तंतू. ॲस्बेस्टॉस हा जातीने दगडच. परंतु पिंजला असता कापसासारखा सुटतो आणि विस्तवाला दाद देत नाही. या गुणामुळे बाष्पपात्रांवर व वाफेच्या नळांवर त्याचे वेष्टन घालीत, मोटारींच्या ब्रेकच्या पट्ट्यांत तो वापरीत, आणि घरावरच्या सिमेंटच्या पत्र्यांत तर तो आपल्या सर्वांच्या डोक्यावर आलेला आहे. निळा, तपकिरी आणि पांढरा हे त्याचे मुख्य प्रकार. निळा सर्वांत घातक खरा, पण पांढरा निरुपद्रवी असे मानण्यास मुळीच आधार नाही.

दक्षिण आफ्रिकेत निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या प्रदेशात वॅग्नर आणि त्यांचे सहकारी यांना फुप्फुसावरणाच्या या कर्करोगाचे ३३ रुग्ण आढळले. त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला आणि तंतूचा व रोगाचा संबंध जगापुढे आला. पुढे १९६५ साली लंडनमध्ये न्यूहाउस आणि टॉम्सन यांनी दाखविले की, कारखान्यात कधीही पाऊल न टाकलेल्या माणसांनाही हा रोग होतो. कोणी कारखान्याच्या शेजारी राहत होते. कोणाच्या घरी कामगाराचे धुळीने माखलेले कपडे धुतले जात होते. भगिनींनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. नवऱ्याच्या खाकी कपड्यांची धूळ झटकणारी बाईही या रोगाच्या वाटेवर उभी असते.

आता हा तंतू आत जाऊन करतो तरी काय? फुप्फुसाभोवती एक अतिशय पातळ, ओलसर आवरण असते. त्याच्यामुळे श्वासागणिक फुप्फुस छातीच्या भिंतीवरून अलगद सरकते. श्वासाबरोबर गेलेले काही तंतू या आवरणापर्यंत पोहोचतात. शरीरात परका कण आला की भक्षकपेशी त्याला गिळावयास धावतात. धुळीचा लहानसा कण त्यांच्या आवाक्यातला असतो. हा तंतू मात्र पेशीहूनही लांब. अख्खा ऊस तोंडात कोंबू पाहणाऱ्या पोराची जी अवस्था, तीच या पेशीची होते. गिळवत नाही आणि टाकवतही नाही.

अशी अडकलेली पेशी गप्प बसत नाही. पेशी एकमेकींशी रासायनिक निरोपांनी बोलतात. एकीने सोडलेले प्रथिन दुसरीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला चिकटते आणि आतल्या यंत्रणेला हुकूम पोहोचतो. त्रस्त भक्षकपेशीत एनएलआरपी-३ नावाची घंटा वाजते आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटविणारे द्रव्य बाहेर पडते. हा दुवा २००८ साली स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी उलगडला. आवरणाच्या ज्या पेशी तंतूमुळे मरतात, त्यांच्या केंद्रकातून एचएमजीबी-१ हे प्रथिन बाहेर सांडते. एरवी केंद्रकात निमूट राहणारे हे प्रथिन बाहेर दिसले, की 'येथे घात झाला आहे' अशी दवंडीच पिटली जाते. आणखी भक्षकपेशी गोळा होतात, आणखी दाह होतो. जखम झाली असता हाच दाह आपला उपकारकर्ता असतो. काम संपले की तो विझतो. येथे तंतू झिजत नाही, म्हणून दाहही विझत नाही. दशकानुदशके तो धुमसतच राहतो.

यापुढची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. ज्या पेशीची जनुके तंतूने व दाहाने बिघडली, तिने रीतीप्रमाणे मरून जावयास हवे. परंतु दाहातून आलेला टीएनएफ नावाचा निरोप तिच्यातील एनएफ-कप्पा-बी ही यंत्रणा जागी करतो आणि 'जगत राहा' असे सांगतो. बिघडलेली पेशी वाचते, वाढते, आणि बिघाड पुढच्या पिढीस देते. काही घराण्यांत बीएपी-१ नावाचे रक्षक जनुक जन्मतःच सदोष असते, हे २०११ साली सिद्ध झाले; अशा माणसांना हा रोग अधिक सहज गाठतो.

हे निरोप कळले म्हणजे ते अडविता येतील, ही आशा साहजिक आहे. तिचे फळ किती मिळाले, हे आकड्यांतच सांगतो. सिस्प्लॅटिन या जुन्या औषधाला पेमेट्रेक्सेडची जोड दिल्यावर रुग्णांचे मध्यम आयुर्मान सुमारे ९ महिन्यांवरून १२ महिन्यांवर गेले. ही चाचणी २००३ सालची. गाठ नव्या रक्तवाहिन्या मागविण्यासाठी जो निरोप धाडते, तो अडविणारे बेव्हॅसिझुमॅब त्यांत मिळविल्यावर, २०१६ च्या फ्रान्समधील चाचणीत ते १६.१ वरून १८.८ महिन्यांवर गेले. कर्करोगाची पेशी रक्षकपेशींना थोपविणारा खोटा निरोप देते. तो मोडणाऱ्या निवोलुमॅब व इपिलिमुमॅब या जोडीने २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८.१ महिने मिळाले, जुन्या उपचाराने १४.१. हा लाभ सर्व रुग्णांस सारखा नसतो. पेशींच्या ज्या प्रकारात जुनी औषधे फारशी चालत नसत, तेथे तो ठळक दिसला. औषधे महाग आहेत, आणि रोग समूळ जातो असे कोणी म्हणत नाही. तरीही नातवाचे लग्न पाहून जाणाऱ्या माणसाला चार महिने थोडे नसतात.

खुद्द दाहावरच घाव घालण्याची गोष्ट अजून कच्ची आहे. हृदयरोग्यांवरील एका मोठ्या चाचणीत इंटरल्यूकिन-१ बीटा अडविणारे औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला, असे २०१७ साली दिसले. पण तेच औषध झालेल्या कर्करोगावर उपचार म्हणून वापरले तेव्हा चाचण्यांत यश आले नाही. पेटण्यापूर्वी पाणी मारणे निराळे आणि वणव्यावर मारणे निराळे. उंदरांत ॲस्पिरिनने हा रोग लांबविल्याचे प्रयोग झाले आहेत, म्हणून कोणी घरी ॲस्पिरिन सुरू करू नये. पोटात रक्तस्राव होऊन माणूस दगावू शकतो.

आता आपल्या दारची गोष्ट. या रोगाची सुरुवात बहुधा धाप लागणे, छातीत दुखणे आणि फुप्फुसाभोवती पाणी साठणे अशी होते. आपल्या देशात छातीत पाणी म्हटले की प्रथम क्षयाचा विचार होतो, आणि क्षय विपुल असल्याने तो बहुधा बरोबरही ठरतो. परंतु म्हातारा माणूस, काढलेले पाणी पुन्हापुन्हा भरते, क्षयाची औषधे लागू पडत नाहीत, अशा वेळी आवरणाचा तुकडा काढून तपासणे अगत्याचे असते. ही शंका डॉक्टरांच्या मनात यावयाची तर रुग्णाने चाळीस वर्षांपूर्वी काय काम केले हे त्यांना कळले पाहिजे. रुग्ण 'निवृत्त' एवढेच सांगतो, मुलाला 'बाबा मुंबईस कंपनीत होते' याहून अधिक ठाऊक नसते, आणि निदान तेथेच हुकते. कोणता कारखाना, कोणते खाते, किती वर्षे, धूळ कसली, हे वडीलमंडळी हयात असतानाच विचारून घरच्या वहीत लिहून ठेवावे. मुरलीधर व कान्हेरे यांनी मुंबईतील एका ॲस्बेस्टॉस कारखान्यातील पावणेदोनशेहून अधिक कामगार तपासले. त्यांचा निबंध २००५ साली आला. पाचांतील एकाहून अधिक जणांस ॲस्बेस्टोसिस, म्हणजे या तंतूने फुप्फुस घट्ट होण्याचा विकार, आढळला होता.

या वहीला कायद्याच्या दृष्टीनेही मोल आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामास लागल्यापासून किमान ४० वर्षे, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांत जे नंतरचे असेल तोवर जपावी, असा आदेश त्यांत आहे. नोंद मागावयाची तर कामाची तारीख आणि खाते हाती हवे. वेतनपत्रके, हजेरीकार्डे रद्दीत घालू नयेत.

शेवटी पत्र्यांविषयी. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर गल्लोगल्ली फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचे ढीग आपण पाहिले. धड पत्रा छपरावर असता फारसा अपाय करीत नाही. तो फोडताना, कापताना, घासताना उडणारी धूळ वाईट. काढणे भाग पडल्यास पाणी मारून ओला करावा, अख्खा उतरवावा, आणि त्या जागी मुलांना खेळू देऊ नये. फुटके तुकडे अंगणात भरावासाठी टाकण्याची आपल्याकडे चाल आहे. वर्दळीने ते पुन्हा दळले जातात.