लाल वळणांचे चित्र
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भिंतीला लावलेले हे चित्र बघून मघाशी एक मावशी म्हणाल्या, "भाऊ, यात ना माणूस, ना झाड. बघायचं तरी काय?" मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. लालावर लाल पट्टे, काटकोनात वळतात, परत मागे फिरतात. वाट कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही.

पण मी साच्यावर उमेदीची वर्षे काढलेला माणूस. म्हटलं, हे वळण ओळखीचं आहे. ताणा उभा, बाणा आडवा. मागावर सगळा हिशेब काटकोनाचा. नंतर वाचनात आलं की चित्र काढणारी बाई विणकरच होती!

तिचे नाव ॲनी अल्बर्स. जन्म बर्लिनचा, १८९९ चा. १९२२ साली ती जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत गेली. तिला काचकाम शिकायचं होतं, पण बाई म्हणून तिला विणकामात घातलं. १९३३ साली नाझी राजवटीत शाळा बंद पडली. ज्यू घराण्यातली ही बाई नवऱ्यासोबत अमेरिकेला गेली. हेच लाल वळण तिने १९५४ साली विणलं, आणि १९६९ साली स्क्रीनवर छापलं. माग सुटला, पण मागाची शिस्त हातातून गेली नाही.

आता आपल्याकडचं बघा. तिला विणकामात ढकललं, आणि आपल्या आज्या-पणज्यांना मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची पायरी चढू दिली नाही. का? तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला.

म्हणून मला या चित्रात अडवलेली वाट दिसते. भिंत आली की ती वळते, पण तुटत नाही. हा माझा अर्थ झाला. शिवणकाम करणाऱ्या ताईला दुसरा दिसेल, गवंडीकाम करणाऱ्या दादाला तिसरा. चित्रात जे आहे त्याला धरून बोला, एवढीच अट.

"आपल्याला यातलं काय कळतंय" असं मात्र पोरांसमोर कधी म्हणू नका. हेच वाक्य आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं. आपण रोज वंदनेत 'एहिपस्सिको' म्हणतो. म्हणजे या आणि स्वतः पाहा. तेव्हा जाताना पोरांना घेऊन या चित्रापाशी दोन मिनिटे थांबा. आधी त्यांना बोलू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!