स्वसंरक्षणासाठी कुठली गोळी घ्यावी?

गेल्या काही भागांपासून इनबॉक्समध्ये एक प्रश्न सारखा येतोय. 'दादा, स्वसंरक्षणासाठी रिव्हॉल्व्हर घेतलं तर गोळी कुठली बेस्ट?' आज त्यावरच बोलू.

मी मूळचा झरी जामणीचा, सध्या पुण्यात कोड लिहितो. घरी मोठ्या काकांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवतानाही निघतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. यूट्यूबवर जे गोळ्यांचे रिव्ह्यू तुम्ही बघता, ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथे दुकानात एकाच कॅलिबरचे वीस-पंचवीस ब्रँड मिळतात. आपल्याकडे निवडीचा मोठा भाग कायद्यानेच करून ठेवलाय. शस्त्र अधिनियम १९५९ नुसार काही बोअर 'प्रतिबंधित' आहेत आणि लष्कर-पोलिसांची ९ मिमी त्यातच येते. म्हणून सामान्य परवानाधारकाच्या हातात बहुतेक वेळा पॉइंट ३२ दिसतं. २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्व्हर आणलं, तेही पॉइंट ३२ च.

आता पहिला घोळ इथेच होतो. 'पॉइंट ३२' नावाची एकच गोळी नसते. रिव्हॉल्व्हरची वेगळी, तिला पॉइंट ३२ स्मिथ अँड वेसन लाँग म्हणतात. पिस्तुलाची वेगळी, ती पॉइंट ३२ एसीपी, म्हणजेच ७.६५ मिमी. दोघींची शिशाची जाडी जवळपास सारखी, पण काडतूस वेगळं. एकीच्या जागी दुसरी चालवायची नाही. विकत घेताना परवान्यावर काय लिहिलंय, हत्यारावर काय कोरलंय आणि काडतुसाच्या बुडावर काय छापलंय, हे तिन्ही जुळवून बघा. बुडावर 'केएफ' दिसलं तर तो माल आपल्या पुण्याच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. १८६९ पासूनचा हा कारखाना आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये आहे.

आता थोडं गणित, घाबरू नका. रिव्हॉल्व्हरच्या या गोळीचं शिसं साधारण सव्वासहा ग्रॅमचं आणि वेग सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास. ऊर्जा निघते सव्वाशे ते दीडशे जूल. ९ मिमीची साडेचारशे-पाचशे जूलपर्यंत जाते. म्हणजे पॉइंट ३२ तुलनेने मवाळ आहे. तरी ती माणूस मारू शकते, हे विसरू नका.

मग पुढचा प्रश्न येतो, 'होलो पॉइंट घेऊ का?' होलो पॉइंट म्हणजे टोकाला खड्डा असलेली, अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी. अशा फुलणाऱ्या गोळ्यांना जगभर 'दमदम' म्हणतात, ते कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात त्यांच्यावर बंदी घातली. पोलीस वापरतात त्याचं कारण वेगळं आहे. फुललेली गोळी लवकर थांबते, आरपार जाऊन मागच्याला लागण्याचा धोका कमी होतो. पण फुलायला वेग लागतो. आखूड नळीच्या पॉइंट ३२ मध्ये तो कमीच. मग एकतर ती फुलत नाही, किंवा फुलते आणि उथळच थांबते.

उथळ थांबली तर काय बिघडतं? ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे एजंट आणि दोन दरोडेखोर यांच्यात चकमक झाली. एजंटची एक गोळी एका दरोडेखोराला वर्मी लागली, पण हृदयापर्यंत पोचायच्या आधी थांबली आणि तो लढत राहिला. दोन एजंट गेले. त्यानंतर एफबीआयने मापदंड ठरवला की जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान बारा इंच जावी, अठराच्या पुढे जाऊ नये. म्हणून कमी ताकदीच्या कॅलिबरमध्ये साधी गोल टोकाची गोळीच बरी, असं बरेच जाणकार मानतात. पण ती साधी गोळी कुठे थांबेल, हे बघणं तुमच्यावर येतं.

आमच्या भागातली घरं डोळ्यासमोर आणा. पत्र्याची भिंत, पातळ दार, पलीकडे खाटेवर झोपलेलं माणूस. पत्रा गोळी अडवेल यावर विसंबू नका. काका म्हणतात, 'कोणती गोळी ते सोड बे, ते कुठं जाऊन थांबते ते सांग मले.' माझ्या मते अख्ख्या विषयाचं उत्तर यातच आहे.

आता जंगलाकडे येऊ. आमच्या शेजारी पांढरकवडा, टिपेश्वर अभयारण्य. 'रानडुक्कर, वाघ आला तर रिव्हॉल्व्हर कामी येईल' असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. दीडशे जूलची गोळी चिडलेल्या डुकराला थांबवेल याची काही खात्री नाही, जखमी करून आणखी चिडवेल मात्र. वन्यजीव कायदा १९७२, कलम ११(२) जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देतं, पण ती सद्भावना नंतर तपासली जाते.

कशी तपासली जाते, ते आपण जवळून पाहिलंय. तेरा माणसांच्या मृत्यूंसाठी जबाबदार धरलेली टी-१, म्हणजे अवनी वाघीण. आदेश होता की आधी बेशुद्ध करा, नाही जमलं तर गोळी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात ती मारली गेली. सांगितलं गेलं की डार्ट मारला, ती अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. मग शवविच्छेदन झालं, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची चौकशी झाली. गोळी कुठल्या बाजूने शिरली, तेव्हा वाघिणीचं तोंड कुठे होतं, डार्ट खरंच बंदुकीतून सुटला होता का, सगळं तपासलं गेलं आणि स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली गेली. ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांचं दुःख खरंच होतं. पण त्या रात्री काय झालं, हे जखमेवरून वाचलं गेलं.

आमच्या भाषेत सांगायचं तर गोळी म्हणजे लॉग फाइल. दिशा, अंतर, कोन सगळं त्यात असतं आणि ती डिलीट करता येत नाही. माणसाच्या बाबतीतही हेच. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ तुम्हाला खासगी संरक्षणाचा हक्क देतात, पण कलम ३७ सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. चोर पळतोय, पाठीत गोळी लागली, तर 'माझी गोळी बेस्ट होती' हे उत्तर कोर्टात चालत नाही.

तर थोडक्यात ऐका. परवाना, हत्यार आणि काडतूस यांचं कॅलिबर जुळवा. गोळी परवानाधारक दुकानातूनच घ्या. परवान्याशिवाय काडतूस बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. परवान्यावर गोळ्यांची मर्यादा असते, तरी त्यातल्या काही सरावाला ठेवा, आणि घरात जी ठेवता त्याच गोळीने सराव करा. काडतुसं कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडचा मे आणि जुलै दोन्ही वाईट. त्यांना तेल लावू नका. हिरवट डाग पडलेलं, वाकलेलं काडतूस वापरू नका. सरावात गोळी उडाली नाही तर नळी सुरक्षित दिशेलाच धरून तीस सेकंद थांबा, ती उशिरा उडू शकते. आणि हत्यार मुलांच्या हाती लागणार नाही असं कुलपात.

हे सगळं नियमित जमणार नसेल, तर मजबूत कडी, अंगणात दिवा आणि शेजाऱ्यांचे फोन नंबर जास्त कामाचे, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

पुढच्या भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे परवान्याचा अर्ज कसा होतो, ते बघू. प्रश्न पाठवत राहा. काळजी घ्या, येतो!