स्पॅनिशचा अभ्यास आणि पाठीवरचा डबा

भारतातील महाविद्यालयात स्पॅनिश घेणारा विद्यार्थी बहुधा शून्यापासून सुरुवात करतो. फ्रेंच किंवा जर्मन शाळेत थोडीफार कानावरून गेलेली असते; स्पॅनिशचा पहिला शब्द मात्र अनेकांना बारावीनंतरच भेटतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात स्पॅनिशची पदवी घ्यायला येणाऱ्याला ती भाषा आधी येत असण्याची गरज नसते, आणि पदवी हातात पडेपर्यंत त्यानेच सेर्वान्तेस उलगडून दाखवावा अशी अपेक्षा असते. गोव्यात ज्या घरात आजी-आजोबांची पोर्तुगीज अजून कानावर येते तिथला मुलगा अर्धी वाट चालून आलेला असतो, फक्त पुढे बरीच वर्षे तो दोन्हींची खिचडी करतो. बाकी सर्वांची सुरुवात एकाच पायरीवरून होते.

अभ्यासक्रमात काय असते, परीक्षा किती, नोकऱ्या कुठे, याची चर्चा पुष्कळ होते. जिची होत नाही ती गोष्ट अशी, की हा सगळा अभ्यास इंग्रजीच्या आधाराने चालतो. व्याकरण इंग्रजीतून समजावले जाते, शब्दार्थ इंग्रजीत लिहिले जातात, कादंबरी इंग्रजी भाषांतरात वाचली जाते आणि परीक्षेच्या उत्तरापुरती तिची स्पॅनिश केली जाते.

गावाकडे विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधतात. डबा चांगलाच असतो. त्याच्याशिवाय पहिल्या दिवशी कोणी पाण्यात उतरणार नाही. पण शिकवणारा काका शहाणा असेल तर तो चौथ्या-पाचव्या दिवशी दोरी थोडी सैल करतो, आठवड्याने डबा लहान घेतो आणि मग एके दिवशी न सांगता सोडूनच टाकतो. काका विसराळू असेल तर पोरगे उन्हाळाभर डब्यावर तरंगते, सगळ्यांना पोहता येते म्हणून सांगते आणि हातपाय कधी मारतच नाही. इंग्रजी हा स्पॅनिशच्या विद्यार्थ्याचा डबा आहे. तो बांधण्यात काही चूक नाही. तिसऱ्या वर्षीही तो पाठीवर तसाच असतो, ही चूक आहे.

मराठी मुलाच्या बाबतीत तर हा आधार पुष्कळदा अडथळाच होतो, आणि ते भाषेच्या अगदी पहिल्या महिन्यापासून दिसते. रोमन लिपीतले ‘टी’ आणि ‘डी’ पाहिले की इंग्रजीची सवय लागलेली जीभ ट आणि ड म्हणते. स्पॅनिशमध्ये ते सरळ दातांवरचे त आणि द आहेत, मराठीसारखे. प, त, क हे वर्णही इंग्रजीतल्यासारखे हवेचा झोत सोडून नव्हे, तर मराठीसारखे स्वच्छ उच्चारायचे. म्हणजे जो उच्चार मुलाच्या घरात आहे तो सोडून तो परका उच्चार घेतो आणि मग शिक्षकाला तो दुरुस्त करावा लागतो.

व्याकरणात हेच अधिक ठळक होते. ‘मे गुस्तान लोस लिब्रोस’ हे वाक्य इंग्रजीतून समजावताना पाठ्यपुस्तकाला एक सबंध चौकट लागते, कारण तिथे आवडणारा कर्ता आणि आवडलेली वस्तू कर्म असते. मराठीत ते फक्त ‘मला पुस्तके आवडतात’ आहे. ‘मे’ म्हणजे मला, आणि क्रियापद पुस्तकांच्या अनेकवचनाप्रमाणे चालते. दोन्ही भाषांत तेच. ‘तू’ आणि ‘उस्तेद’, म्हणजे तू आणि तुम्ही, यांतला फरक शिकवायला इंग्रजीत परिच्छेद खर्च होतो. मराठी घरात चार वर्षांच्या मुलाला तो कळतो. भूतकाळाचेही तसेच. ‘आब्लो’ म्हणजे बोलला, ‘आब्लाबा’ म्हणजे बोलत असे, बोलायचा. इंग्रजीचे साधे भूतकाळी क्रियापद दोन्ही ठिकाणी एकच चालते, म्हणून इंग्रजीतून शिकणारा कुठे कोणते घालावे यावर वर्षभर अडतो. आणि ज्या ‘सुबखुन्तिवो’ला, म्हणजे इच्छा किंवा शंका दाखवणाऱ्या क्रियारूपाला, सगळे वर्ग घाबरतात, त्याचे पहिले दार मराठीत उघडेच आहे. ‘किएरो के बेंगास’ म्हणजे तू यावेस अशी माझी इच्छा आहे. ‘यावेस’ या रूपाची सवय असलेल्या कानाला हे परके वाटायला नको.

अर्थात मराठी सगळीकडे साथ देत नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन्हींना मराठीत ‘असणे’ हेच उत्तर आहे. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे माणूस कंटाळवाणा आहे, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे तो कंटाळला आहे, हे घोकूनच बसते. लिंगे स्पॅनिशमध्ये दोनच, आणि चंद्र तिथे स्त्रीलिंगी. ‘तू आलास की’ म्हणताना मराठी भूतकाळाचे रूप वापरते, स्पॅनिश मात्र पुन्हा सुबखुन्तिवोकडे जाते. पण या अडचणी वेगळ्या आहेत. त्या मराठीतून पाहिल्या तरच नेमक्या कुठे आहेत ते कळते. इंग्रजीतून पाहिले की नसलेल्या अडचणीही दिसू लागतात. हा मुद्दा एकदा सांगून पटत नाही, म्हणून पुन्हा: मराठी विद्यार्थ्याने स्पॅनिश वाक्य आधी मराठीशी लावून पाहावे, इंग्रजीशी नंतर.

कोणत्या देशाची स्पॅनिश शिकायची हा प्रश्नही दरवर्षी निघतो. ही भाषा वीसहून अधिक देशांची आहे. स्पेनच्या बहुतेक भागांत ‘ग्रासियास’मधला स दातांमध्ये जीभ ठेवून काढतात, लॅटिन अमेरिकेत साधा स. अर्जेंटिनात ‘तू’च्या जागी ‘बोस’ येते. बसला मेक्सिकोत एक नाव, क्युबात दुसरे, ब्वेनोस आइरेसमध्ये तिसरे. यावर फार वेळ घालवू नये. एक बोली धरावी आणि बाकीच्या कानाने ओळखाव्यात.

डब्याची दोरी सैल करायची पहिली जागा म्हणजे शब्दकोश. स्पॅनिश-इंग्रजी कोश पहिल्या वर्षापुरता. दुसऱ्या वर्षापासून स्पॅनिशचा अर्थ स्पॅनिशमध्येच देणारा कोश उघडायला हवा. १७१३ मध्ये स्थापन झालेल्या स्पॅनिश राजअकादमीचा कोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. सुरुवातीला एका शब्दासाठी चार शब्द शोधावे लागतात आणि विद्यार्थी वैतागतो. त्याने वैतागावे, त्या वैतागातच हातपाय हलतात.

दुसरी जागा म्हणजे साहित्य, आणि इथेच सर्वात जास्त नुकसान होते. ‘आधी भाषा, मग साहित्य’ अशी विभागणी करून साहित्य तिसऱ्या वर्षापर्यंत लांबवले जाते. तोपर्यंत इंग्रजी भाषांतरांची सवय इतकी पक्की झालेली असते की मूळ पुस्तक कपाटात शोभेला राहते. गाब्रिएल गार्सिया मार्केसची १९६७ मध्ये ब्वेनोस आइरेस येथे प्रकाशित झालेली शंभर वर्षांच्या एकाकीपणाची कादंबरी अशीच वाचली जाते. विद्यार्थी जादुई वास्तववादावर दहा पाने लिहितो आणि त्याला पुस्तकातल्या एका मूळ वाक्याचा काळ ओळखता येत नाही.

त्याऐवजी दुसऱ्या वर्षी हुआन रुल्फो हाती द्यावा. मेक्सिकोतल्या हालिस्को प्रांताच्या या लेखकाचा कथासंग्रह १९५३ मध्ये आला. कथा चार-सहा पानांच्या, वाक्ये तोकडी, शब्द शेतकऱ्याच्या तोंडचे. एका कथेत जमीनवाटपात सरकारने शेतकऱ्यांना दिलेले माळरान आहे: इतके कडक की कुदळ टेकू नये, आणि चालता चालता पावसाचा एकच थेंब पडतो. नदीकाठची जमीन मागितली तर तक्रार लेखी द्या, असे अधिकारी सांगतो. दुसरीत पुराने गाय वाहून जाते. ती गाय बारा वर्षांच्या मुलीला बापाने दिलेली असते, कारण तिच्या नावावर तेवढे तरी असले तर ती थोरल्या बहिणींच्या वाटेला न लागता कोणाच्या तरी घरात नांदेल. हे सांगतो तिचा भाऊ, रडगाणे न गाता. मराठवाड्यातल्या किंवा पुराने वेढलेल्या सांगलीतल्या मुलाला यात समजावून सांगावे असे काय आहे? शब्द अडतील, पण कथा अडणार नाही. आणि ‘बोलत असे’ व ‘बोलला’ यांची सरमिसळ कशी होते ते रुल्फोच्या एका पानात जितके कळते तितके व्याकरणाच्या तक्त्यात कळत नाही.

मग मागे वळावे. १५५४ मध्ये छापलेली ‘लासारियो दे तोर्मेस’ निनावी आहे आणि लहान आहे. भुकेला पोरगा एका आंधळ्याचा चाकर होतो. दोघे द्राक्षांचा घोस खायला बसतात, एकेक द्राक्ष उचलायचे ठरते. आंधळाच आधी दोन दोन उचलू लागतो, तेव्हा पोरगा तीन तीन उचलतो. घोस संपल्यावर आंधळा म्हणतो, तू तीन खाल्लीस, कारण मी दोन उचलत होतो तेव्हा तू गप्प होतास. वर्गात हा प्रसंग मोठ्याने वाचला की साडेचारशेहून अधिक वर्षांचे अंतर हशाने मिटते.

यानंतर सेर्वान्तेसचा ‘दोन किखोते’, १६०५ आणि १६१५ अशा दोन भागांत आलेला, म्हणजे मराठी वाचकाच्या ओळखीचा डॉन क्विक्झोट. तो संपूर्ण वाचून होईल अशी आशा कोणी धरू नये. निवडक दहा प्रकरणे पुरेत. पण मूळ. कारण शिलेदार महाशय जुनाट, ग्रंथातली भाषा बोलतात आणि त्यांचा चाकर सान्चो पान्सा म्हणीवर म्हण फेकतो. हे दोन आवाज एकमेकांवर आपटतात त्यात अर्धी गंमत आहे, आणि भाषांतरात हेच आवाज सर्वात आधी बसतात. गंमत म्हणजे हे पुस्तक अरबीतून भाषांतर करवून घेतले आहे, अशी थाप खुद्द सेर्वान्तेसनेच मारलेली आहे. लोपे दे वेगा आणि काल्देरोन यांची नाटके मोठ्याने वाचावीत. गोंगोराच्या अवघड कवितेला हात लावण्याची घाई नको.

वसाहतकाळ अभ्यासक्रमात बहुधा एका आठवड्यात उरकला जातो, हे अन्यायाचे आहे. कुस्कोत जन्मलेला इन्का गार्सिलासो, आई इन्का राजघराण्यातली आणि बाप स्पॅनिश सरदार, आईच्या लोकांचा इतिहास बापाच्या भाषेत लिहितो. ते पुस्तक १६०९ मध्ये लिस्बनला छापले गेले. मेक्सिकोच्या मठातली सोर हुआना इनेस दे ला क्रूस १६९१ मध्ये एका बिशपला उत्तर लिहिते आणि बाईने अभ्यास का करू नये, असा उलट सवाल करते. तिने लहानपणी शिकण्याची मुदत स्वतःलाच घालून दिलेली असे. मुदतीत धडा आला नाही की ती आपले केस कापून टाकी. स्त्रीशिक्षणाचा इतिहास ज्या महाराष्ट्रात घरोघरी सांगितला जातो तिथल्या विद्यार्थ्याने ते पत्र वाचलेले नसावे, हे बरे दिसत नाही.

निकाराग्वाच्या रुबेन दारियोपासून, म्हणजे १८८८ मध्ये वाल्पाराइसो येथे निघालेल्या त्याच्या ‘आसूल’पासून, कवितेचा प्रवाह उलटा फिरतो आणि अमेरिकेकडून स्पेनकडे वाहू लागतो. लोर्का, नेरुदा, बोर्खेस ही नावे सर्वांना माहीत आहेत, त्यांच्यावर इथे शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

भारताशी जोडलेला भाग मात्र कोणत्याही अभ्यासक्रमात हवा. रवींद्रनाथांना स्पॅनिशमध्ये घरोघरी पोचवले सेनोबिया काम्प्रुबी आणि तिचा नवरा हुआन रामोन हिमेनेस यांनी. पहिले पुस्तक १९१५ चे. ती भाषांतरे इंग्रजीवरून केलेली होती. म्हणजे डबा बांधूनही माणसे फार दूर जातात, हे मान्य केले पाहिजे. फक्त ती दोघे स्वतः कसलेली लेखक होती. १९२४ मध्ये रवींद्रनाथ अर्जेंटिनात आजारी पडले आणि तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोच्या पाहुणचारात राहिले. मेक्सिकन कवी ओक्ताव्हियो पास १९५१ मध्ये बोटीने मुंबईला उतरला, पुढे १९६२ ते १९६८ मेक्सिकोचा राजदूत म्हणून दिल्लीत राहिला, आणि मेक्सिकोत विद्यार्थ्यांवर झालेल्या त्लातेलोल्कोच्या गोळीबारानंतर त्याने ते पद सोडले. १९९५ च्या आपल्या भारतविषयक पुस्तकात त्याने ती पहिली मुंबई रंगवली आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याला आपलेच शहर परक्या भाषेत वाचायला मिळणे ही पहिली उत्तम कसोटी ठरेल. वर्ध्याकडचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवत होते, मका आणि गव्हावर काम करत होते. दिएगो रिवेराने त्यांना भित्तिचित्रात घेतले. त्यांचे चरित्र त्यांच्या मुलीने इंग्रजीत लिहिले. मेक्सिकोतल्या त्या वर्षांचा शोध घ्यायचा तर स्पॅनिश वाचता येणारा मराठी माणूस हवा, आणि एम.ए.च्या प्रबंधाला यापेक्षा चांगला विषय शोधूनही सापडणार नाही.

परीक्षांविषयी दोन शब्द. स्पेनच्या शिक्षण मंत्रालयाच्या वतीने सेर्वान्तेस संस्था घेते त्या ‘देले’ परीक्षेच्या सहा पायऱ्या आहेत, आणि तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. संस्थेचे दिल्लीतले केंद्र २००९ पासून आहे. या परीक्षा बोलणे, ऐकणे, वाचणे, लिहिणे मोजतात. साहित्य त्या मोजत नाहीत आणि मोजण्याचा दावाही करत नाहीत. प्रमाणपत्र मिळाले म्हणून कादंबरी आली असे कोणी समजू नये.

फिलिपिन्सचा विषय राहिला. होसे रिसालची १८८७ मध्ये बर्लिनमध्ये छापलेली कादंबरी आशियाई माणसाने स्पॅनिशमध्ये लिहिलेली आहे, आणि परसत्तेखालच्या समाजाचे जे चित्र तिच्यात आहे ते भारतीय वाचकाला मेक्सिको किंवा पेरूपेक्षाही जवळचे वाटेल. भारतातल्या वर्गांत तिचे नाव क्वचितच निघते. खुद्द फिलिपिन्समध्ये शाळेतली मुले ती आज इंग्रजी किंवा टागालोग भाषांतरातून वाचतात.